कुणाला कळणार नाही ना?

परवा शनिवारी सकाळी सकाळी ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण, सिन्नरला असते. शनिवारी दहाच्या आत मला कुणी फोन करत नाही, त्यामुळे आधी काळजीच वाटली. पण आवाजात उत्साह होता.

"अरे, ते ओढायचं इन्सुलिन आलंय म्हणे! मी पेपरात वाचलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पण आलंय. सुई बंद!"

"आलंय ना. पण सुई बंद वगैरे काही नाही, ताई..."

"ते राहू दे. मला एकच सांग. शाळेत ओढलं तर कुणाला कळणार नाही ना?"

तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिला टाईप वन डायबेटिस निघाला. आणि ताईनं फोन मलाच का केला, तर मीही त्यातलाच. मला २०१० मध्ये निघाला, सातवीत असताना. म्हणजे पंधरा वर्षांहून जास्त काळ रोज चार-पाच सुया. हिशोब करायला गेलो तर आकडा वीस हजारांच्या वर जातो, म्हणून करत नाही.

ताईला मी फोनवर जे सांगितलं ते थोडक्यात होतं. इथे सविस्तर लिहितो. कारण त्या 'सुई बंद' वाल्या बातमीवर माझ्या ओळखीतले सगळे इतके खूश आहेत, की मला त्याचाच राग यायला लागलाय. औषधावर राग नाही, तो उत्साह कशाबद्दल आहे त्यावर आहे.

आधी औषधाबद्दल, कारण फॉरवर्ड वाचून लोकांच्या भलत्याच कल्पना होतात.

ह्याचं नाव अफ्रेझा. मॅनकाइंड नावाच्या अमेरिकन कंपनीचं (आपली गोळ्या-बिळ्यावाली मॅनकाइंड वेगळी, स्पेलिंगही वेगळं). अमेरिकेत एफडीएनं ते २०१४ मध्ये प्रौढांसाठी मंजूर केलं. भारतात सिप्लाला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीही प्रौढांसाठीच, आणि २०२५ च्या अखेरीस त्यांनी ते बाजारात आणलं. शिट्टीएवढा छोटासा इन्हेलर. त्यात चार, आठ किंवा बारा युनिटची एक छोटी कार्ट्रिज टाकायची आणि जेवायला बसताना एक श्वास ओढायचा. आतली पूड फुप्फुसात जाते, विरघळते आणि इन्सुलिन थेट रक्तात. साधारण बारा मिनिटांत काम सुरू, पाऊण तासाच्या आत सर्वात जास्त जोर, आणि दीड ते तीन तासांत खेळ खल्लास. सुईनं घेतलेलं जेवणाचं इन्सुलिन ह्यापेक्षा उशिरा सुरू होतं आणि जास्त वेळ रेंगाळतं.

ही कल्पना नवी नाही. फायझरनं २००६ मध्ये एक्झुबेरा नावाचं श्वासातून घ्यायचं इन्सुलिन आणलं होतं. त्याचं यंत्र केवढं, तर टेनिसच्या चेंडूंचा डबा असतो ना, जवळपास तेवढं. ते खिशात घेऊन कोण फिरणार? ऑक्टोबर २००७ मध्ये फायझरनं गाशा गुंडाळला. अफ्रेझाचंही सुरुवातीला फार बरं चाललं नाही. सनोफीनं ते विकायला घेतलं होतं आणि २०१६ च्या जानेवारीत हात वर केले. म्हणजे 'सुई नको' एवढ्या एका गोष्टीवर जग तुटून पडतं हा समज दोनदा खोटा ठरलेला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुलांचं. अमेरिकेत चार ते सतरा वर्षांच्या २३० मुलांवर ह्याची सहा महिन्यांची चाचणी झाली, तिचे प्राथमिक निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. निम्मी मुलं जेवणाआधी सुई घेत होती, निम्मी ओढत होती, आणि दिवसभराचं इन्सुलिन सगळ्यांना सुईनंच. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये दोन्ही गटांत जेवढा फरक चालेल असं आधी ठरवलं होतं, त्याच्या आत उत्तर आलं का? सगळी मुलं धरली तर किंचित बाहेर गेलं. नियमाप्रमाणे औषध न घेणारं एक मूल वगळलं तर आत आलं. फुप्फुसांच्या क्षमतेत त्या सहा महिन्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. थोडक्यात काय, तर जादू नाही, पण खोटंही नाही. ह्याच्या जोरावर कंपनीनं २०२५ मध्ये मुलांसाठी अर्ज केला.

आणि ज्या गोष्टी फॉरवर्डमध्ये नसतात त्या अशा:

एक, सुई बंद होत नाही. हे फक्त जेवणापुरतं आहे. चोवीस तासांचं इन्सुलिन सुईनंच घ्यावं लागतं. शुगर मोजायला बोटाला टोचणं किंवा दंडावर सेन्सर, ते आहेच. पाचाची एक होईल, शून्य नाही.

दोन, दमा असेल तर घ्यायचं नाही. श्वासनलिका अचानक आवळू शकते, तशी ठळक चौकटीतली सूचनाच आहे औषधावर. सुरू करण्याआधी फुप्फुसांची तपासणी, सहा महिन्यांनी परत, मग दरवर्षी.

तीन, सगळ्यात छोटी कार्ट्रिज चार युनिटची. श्वासातली चार युनिट म्हणजे सुईतली चार युनिट नव्हेत, परिणाम कमी असतो, हे मान्य. पण पायऱ्या मोठ्या आहेत. लहान मुलांना अर्ध्या युनिटचा हिशोब करावा लागतो, पेनवर तो करता येतो, इथे नाही.

चार, फ्रीज लागतोच. आणि आपलं जेवण! साहेबाचं सँडविच एका तासात पचतं. आपल्याकडे पुरणपोळी, वर तूप, मग पुन्हा आग्रहाची अर्धी. ते पोटात तीन-चार तास मुरतं. तोवर ओढलेलं इन्सुलिन घरी गेलेलं असतं. म्हणजे परत ओढा.

एवढं सगळं वाचून वाटेल की मी विरोधात आहे. अजिबात नाही. उलट मी जे आता सांगणार आहे त्यात मलाच ते किती हवं होतं हे येईल.

मी आठवी-नववीत असतानाची गोष्ट. शाळा नाशिकमधलीच, नाव कशाला घ्या. मधली सुट्टी वीस मिनिटांची. त्यात बोट टोचून शुगर बघायची, इन्सुलिन घ्यायचं, डबा खायचा. वर्गात सुई काढलेली चालणार नाही असं एका सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "बाकीची मुलं घाबरतात." मग कुठे घ्यायचं? मुतारीत. आमच्या शाळेची मुतारी कशी होती ते नाशिकच्या उन्हाळ्यात विचारू नका. तिथे एका हातात बाटली, एका हातात सिरिंज, शर्ट हनुवटीखाली दाबलेला, आणि बाहेरून दारावर लाथा. एकदा एकानं दार उघडलंच. त्या दिवसापासून मला 'गर्दुल्ला' नाव पडलं. दोन वर्षं पुरलं.

मग मी काय केलं? दुपारचं इन्सुलिन घेणंच सोडून दिलं. डबा मात्र खायचो, कारण डबा न खाल्लेला लोकांना दिसतो. संध्याकाळी घरी येऊन अंदाजे जास्त घ्यायचो. आई वही बघायची म्हणून वहीत दुपारच्या रकान्यात मनाचे आकडे लिहायचो. १३२, १४१, १२८. आकडे छान यायचे. तीन महिन्यांची सरासरी मात्र वहीचं ऐकत नाही, ती बारापर्यंत गेली. (सात म्हणजे चांगली.) नववीच्या दिवाळीआधी रक्तात किटोन साचून मी दोन दिवस आयसीयूत होतो. बाबा बाहेर बाकावर बसून होते, दोन दिवसांत त्यांनी एक शब्द विचारला नाही. तेव्हा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा कुणी माझ्या हातात ती शिट्टी दिली असती तर मी दुपारचं इन्सुलिन घेतलं असतं का?

हो. बहुतेक घेतलं असतं. म्हणून मी ह्या औषधाला नावं ठेवणार नाही. पौगंडावस्थेतल्या मुलांचा सगळ्यात जास्त चुकणारा डोस हा जेवणाचाच असतो, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. तो डोस सोपा करणारी कुठलीही गोष्ट मला हवीच आहे.

पण आम्ही डीबगिंग करणारी माणसं. एखादा प्रोग्रॅम एका मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर पडतो, तर आम्ही प्रोग्रॅमला शिव्या देत नाही, दोन मशीनमध्ये काय वेगळं आहे ते बघतो. मी सकाळी सुई घ्यायचो. रात्री घ्यायचो. घरी पाहुणे असले तरी घ्यायचो. एकदाही चुकवली नाही, एकदाही रडलो नाही. तीच सुई, तेच पोट, तोच मुलगा. फक्त दुपारची चुकायची. बदललं काय होतं? जागा. आणि आजूबाजूची माणसं.

मग बग सुईत होता का?

इथेच त्या सगळ्या 'सुई बंद' वाल्या आनंदावर माझा आक्षेप आहे. लोक असं धरून चालतात की मूल सुईला घाबरतं. पहिले पंधरा दिवस घाबरतं, खरं आहे. आताच्या पेनच्या सुया चार मिलिमीटरच्या असतात, डास चावल्याइतकं पण दुखत नाही. त्यानंतर मूल सुईला घाबरत नाही. ते आपल्याला घाबरतं. त्या सरांना, दार उघडणाऱ्या मुलाला, "अरेरे, एवढ्याशा पोराला शुगर?" म्हणणाऱ्या काकूंना, "लहानपणी चॉकलेटं फार खाल्ली असणार" असं निदान करणाऱ्या लग्नातल्या पाहुण्यांना. (टाईप वन गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. आईनं काही चुकीचं केलेलं नसतं, मुलानंही नाही. हे वाक्य मी आयुष्यात किमान पाचशे वेळा बोललोय.)

ताईनं काय विचारलं ते परत वाचा. दुखणार नाही ना, असं नाही विचारलं. कळणार नाही ना, असं विचारलं.

बरं, कळणार नाही हे तरी खरं आहे का? अमेरिकेत असेल. आपल्याकडे? अहो, आपल्याकडे इन्हेलरला काय म्हणतात? पंप. आणि "पंप लागला" हे आपण कुठल्या आवाजात म्हणतो ते आठवा. एकदा पंप लागला की सुटत नाही, पंपाची सवय लागते, मुलीला पंप आहे हे स्थळाला सांगू नका. माझ्या बाकावरच्या मित्राला दमा होता. त्याची आई पंप रुमालात गुंडाळून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवायची आणि "बाथरूममध्ये जाऊन घे रे" म्हणून बजावायची. म्हणजे त्या मुतारीत आम्ही दोघंही असायचो! मी सुई घेऊन आणि तो पंप घेऊन. आणि जी सिप्ला आज हे इन्सुलिन विकते आहे, तिलाच २०१८ मध्ये 'बेरोक जिंदगी' नावाची मोठी मोहीम काढावी लागली, इन्हेलर वापरण्यात लाजण्यासारखं काही नाही हे लोकांना सांगायला. कंपनीला जाहिराती करून सांगावं लागतं, ह्यातच आलं सगळं.

आणि सगळ्यात वरचढ म्हणजे ह्या औषधाचा नेहमी दिसणारा त्रास कुठला? खोकला. पूड ओढली की बऱ्याच जणांना ठसका लागतो. शांत वर्गात तेरा वर्षांची मुलगी काहीतरी ओढते आणि खोकते. कोविडनंतरच्या वर्गात. कुणाला कळणार नाही म्हणे.

म्हणजे आपण काय करतोय, तर एक लपवायची वस्तू काढून दुसरी लपवायची वस्तू देतोय. आमच्या भाषेत ह्याला वर्कअराउंड म्हणतात. वर्कअराउंड वाईट नसतो, रिलीज उद्या असेल तर मीही टाकतो. पण वर्कअराउंड टाकून बग बंद झाला असं जाहीर करणाऱ्या माणसाला पुढच्या मीटिंगमध्ये काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे.

खरा बग दुरुस्त करायला काय लागतं? गंमत म्हणजे त्याला ना फुप्फुसाची तपासणी लागते, ना एफडीएची मंजुरी. एक कागद लागतो आणि थोडी अक्कल.

कागद तर आहेतही. सीबीएसईनं २०१७ मध्ये टाईप वनच्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवून सांगितलं की अशा मुलांची शाळेत नीट सोय करा. त्यावर उत्तर प्रदेश सरकारनं त्याच वर्षी जुलैमध्ये शाळांना आदेश काढला: डॉक्टरांचा सल्ला असेल तर मुलानं वर्गात शुगर तपासावी, इन्सुलिन घ्यावं, मधल्या वेळी खावं, शिक्षकांनी अडवू नये. वर्गात! मुतारीत नव्हे. उत्तर प्रदेशला आपण उठता-बसता नावं ठेवतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

केरळनं तर २०१८ मध्ये 'मिठाई' नावाची योजनाच सुरू केली. मल्याळममधला 'मिठाई' म्हणजे गोळ्या-चॉकलेटवाला शब्द, डायबेटिसच्या मुलांच्या योजनेला हे नाव द्यायला हिंमत लागते. त्यात मुलांना इन्सुलिन, पेन आणि काहींना सेन्सर-पंपसुद्धा (हा पंप वेगळा, इन्सुलिनचा) सरकारकडून. आपल्याकडे सरकारच्या कितीतरी आधी नागपूरला डॉ. शरद पेंडसे ह्यांनी ड्रीम ट्रस्ट काढून गरीब घरच्या मुलांना फुकट इन्सुलिन द्यायला सुरुवात केली. संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडांची 'उडान' आहे. ही माणसं थोर आहेत, वाद नाही. पण एका मुलाचं जगणं त्याच्या गावात असा डॉक्टर आहे का ह्यावर ठरावं? आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात टाईप वन असलेली वीस वर्षांखालची मुलं सव्वादोन लाखांहून जास्त होती. एवढी मुलं काही नागपूर-संभाजीनगरला राहत नाहीत.

पैशाचं पण बोलून टाकतो. मी वापरतो ती स्ट्रिप साधारण वीस रुपयांना पडते. दिवसाला चार म्हटल्या तरी महिन्याला चोवीसशे, नुसतं मोजायला. मला परवडतं, मी आयटीत आहे. सातपूर-अंबडला शिफ्ट करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या घरात काय होतं? स्ट्रिप वाचवतात. आठवड्यातून दोनदा मोजतात. निफाड-दिंडोरीकडच्या वस्तीवर अजून इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवणारे लोक आहेत, आणि ते शहाणपणाचंच आहे, लाईट नसेल तर फ्रीजपेक्षा माठ भरवशाचा. अशा घरातल्या मुलाला 'सुई बंद' ही बातमी दाखवणं म्हणजे चप्पल नसलेल्याला बुलेट ट्रेनचं तिकीट दाखवणं. त्याला सुई बंद नकोय. त्याला सुई आणि स्ट्रिप नियमित हवी आहे.

आता माझ्यावर होणारा आरोप मला माहीत आहे, कारण तो ताईनंच केला.

"तुझं बरं आहे रे. तू पुरुष, नोकरीवाला. ऑफिसात टेबलावर पोटात टोचतोस, कुणी काही बोलत नाही. माझ्या पोरीला अजून शाळा आहे, कॉलेज आहे, उद्या लग्न आहे. तू तिला शूर व्हायला सांगतोस. तिनं का म्हणून?"

खरं सांगतो, ह्यावर मी जरा वेळ गप्पच बसलो. कारण ती बरोबर आहे. मुलीचं वेगळं असतं. माझं नाव पडलं आणि विसरलं गेलं, मुलीचं नाव चिकटतं. मलाही टेबलावर टोचायला चोविसावं वर्ष उजाडावं लागलं, त्याआधी पहिल्या नोकरीत सहा महिने मी जिन्यात जाऊन घेत होतो. तेरा वर्षांच्या मुलीनं ते एका आठवड्यात करावं असं म्हणणारा मी कोण?

म्हणून मी तिला शूर व्हायला सांगत नाहीये. तिनं लपवलं तर तिचा दोषच नाही. तिला उद्या ती शिट्टी मिळाली आणि तिनं बाकाखाली वाकून ओढली, तर ओढू दे, निदान डोस तरी जाईल. माझं म्हणणं तिच्याशी नाहीच. ते तुमच्या-आमच्याशी आहे. लपवायचं की नाही हे तिनं ठरवावं. पण लपवायला 'लागू' नये, हे आपण ठरवायचं आहे. आणि आपण ते न करता कंपनीनं वस्तू छोटी केली म्हणून टाळ्या वाजवतोय.

लपवण्याची एक किंमत पण असते, ती कुणी सांगत नाही. शुगर लो झाली तर दहा-पंधरा मिनिटांचा खेळ असतो. घाम, थरथर, मग डोकं चालेनासं होतं. त्या वेळी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला माहीत असेल तर ती दप्तरातून ग्लुकोज काढून तोंडात घालते. माहीत नसेल तर ती सरांना सांगते, "सर, ही झोपली." ज्या वर्गात कुणालाच कळलेलं नाही, त्या वर्गात मदत करायलाही कुणी नाही. आणि ओढलेलं इन्सुलिनही शुगर लो करतंच.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत जगातलं पहिलं इन्सुलिन ज्याला टोचलं, तो लेनर्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता. भाचीपेक्षा एक वर्षानं मोठा. तोवर ह्या आजाराचं मूल काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं जगायचं. शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी काचेच्या सिरिंजपासून शिट्टीपर्यंत प्रवास केला. त्यांनी त्यांचं काम केलं. आपण अजून त्या मुतारीच्या दाराशी उभे आहोत.

असो. बराच तापलो.

तर शेवटी झालं असं. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी सिन्नरला गेलो. डॉक्टरांचं पत्र होतं, आयोगाच्या २०२३ च्या पत्राची प्रिंट होती, आणि मॅडमना दाखवायला ग्लुकोमीटर. वर्गशिक्षिका भल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, लो झाल्यावर काय करायचं ते वहीत लिहून घेतलं. आणि म्हणाल्या, "काही काळजी करू नका, तिनं स्टाफरूममध्ये येऊन घ्यावं, आम्ही दार लावून घेऊ."

ताईच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी काही बोलणार तेवढ्यात भाचीच म्हणाली, "मॅडम, स्टाफरूम वरच्या मजल्यावर आहे. जाऊन येईपर्यंत सुट्टी संपते. मी वर्गातच घेते ना. शेवटच्या बाकावर."

मॅडमनी ताईकडे बघितलं. ताईनं माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण हे मी ठरवायचं नव्हतं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवस बघू."

बाहेर आल्यावर मी भाचीला विचारलं, ते ओढायचं आलं तर हवंय का? म्हणाली, "हवंय की मामा. सुट्टी वाचेल." मग थोडं थांबून, "पण आता सगळ्यांना कळणारच आहे, तर मिळालं नाही तरी चालेल."

आठ दिवस उद्या संपतात. काय होतं ते कळवतो.